वरच्या शेतातला ढोल

मी, गोजरा दिनानाथ उतेकर, वय ७१, राहणार सह्यगिरी सोसायटी, खोली नंबर ३०४, खांदेश्वर, नवी मुंबई, मूळ गाव उंबरकोंड, तालुका पोलादपूर, हे मृत्युपत्र धडधाकट असताना लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डॉक्टरीणबाईंनी आजची तारीख विचारली; मी तारीख, तिथी आणि नक्षत्र तिन्ही सांगितले. मला कोणी भीती घातलेली नाही की लालूच दाखवलेली नाही. घाई माझी स्वतःची आहे. पुढच्या महिन्यात मला डोंगर चढायचा आहे आणि कागद अर्धवट ठेवून जाणे मला आवडत नाही.

१. सहा वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात "धाकटे दीर अंकुश महादेव उतेकर यांना माझ्या अंत्यविधीस बोलावू नये" असे कलम होते. ते का होते आणि का गेले, हे मुलांना कळावे म्हणून सांगते.

उंबरकोंडात नाचणीची लावणी इर्जिकीने होत असे. सगळी वाडी मिळून आज एकाचे शेत लावायचे, उद्या दुसऱ्याचे; ज्याचे शेत त्याच्याकडे जेवण. बांधावर एकजण ढोल वाजवी आणि त्या ठेक्यावर माणसे गात गात रोपे लावत. ढोल अंकुश भाऊजींकडे असे. माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ते झाडावरून पडले, हात मोडला. ढोल बांधावर पडून आणि चिखलात ओळ रेंगाळलेली. मी हातातली जुडी ठेवली, ढोल गळ्यात अडकवला आणि वाजवला. ओळ धावू लागली. सासूबाईसुद्धा हसल्या. तेवढ्यात भाऊजी मोडका हात गळ्यात बांधून आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईमानसानं ढोलाला हात लावायचा नाय. उतरव."

एरवी ते मला 'तुमी' म्हणत. मी ढोल उतरवला. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. माझे यजमान वाशीच्या धान्य बाजारात माथाडी होते म्हणून आम्ही इकडे आलो. तरी दर लावणीला मी गावी जात असे, आणि भाऊजी ज्या बांधावर त्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहत असे.

चार वर्षांपूर्वीच्या अतिवृष्टीत डोंगराला भेग पडली. माणूस एकही गेला नाही, पण वाडी खाली रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली गेली. वरची शेते ओस पडली, कणग्यांतले बी कुजले. पाऊसही आता पूर्वीचा नाही; तीन आठवडे दडी मारतो आणि मग चार दिवसांत सगळा ओततो. ती दडी सोसणारी आमची तांबडी नाचणी, तिचे गावात मूठभरही बी उरले नाही.

माझ्याकडे होते. राखेत घोळवून पत्र्याच्या डब्यात. ते जिवंत राहावे म्हणून मी दरवर्षी सोसायटीच्या गच्चीवर ड्रममध्ये पेरत असे. सेक्रेटरी केतन पाटकर यांनी एकदा नोटीस लावली, "गच्चीवर शेती करण्यास सक्त मनाई." मला म्हणाले, "मावशी, लीकेजचं टेन्शन आहे हो." मी म्हटले, "कणसं काढेपर्यंत थांब." कणसे काढली, दळली, त्यांना भाकरी खाऊ घातली. पुढच्या वर्षी ड्रमखाली विटा त्यांनीच लावून दिल्या.

गेल्या वर्षी मेमध्ये तो डबा घेऊन गावी गेले आणि भाऊजींच्या दारात ठेवला. त्यांनी झाकण उघडले, दाणे तळहातावर घेतले.

"कुठं व्हतं ह्ये?"

"खांदेश्वरला. गच्चीवर."

एक दाणा त्यांनी दाताखाली फोडून पाहिला. मग म्हणाले, "रोपं मी करतो. मानसं तुमी आणा."

माणसे मी आणली. खांदेश्वर, वाशी, करंजाडे इथली आमच्या गावची, आणि सोसायटीची नऊ. दोन गाड्या भरल्या. चौदा जुलैला आम्ही त्रेचाळीस जण वर चढलो. ओळ लागली. भाऊजींनी ढोल स्वतःच्या गळ्यातून काढला. "वयनी, गुडघं गेलं माझं, उभं ऱ्हावत नाय. घ्या." आणि खालच्या आवाजात, "तवा चुकलं माझं."

मी दुपारपर्यंत वाजवला. ज्यांना गाणी येत नव्हती ते नुसते 'हो, हो' करत होते आणि चौथ्या ओळीला त्यांनाही शब्द सापडत होते. आयुष्यात मला इतका आनंद झाला नव्हता. लग्नातही नाही, यजमान असते तर त्यांनीही हे मान्य केले असते.

२. राहती खोली आणि वरचे अठरा गुंठे शेत. कच्च्या मसुद्यात खोली मुलगा अरविंद याला आणि शेत मुलगी वैशाली हिला होते. कारण अरविंदने मागे मला सांगितले होते, "आई, तिथं आता कोण जाणार? रिसॉर्टवाला मागतोय, देऊन टाकू." इर्जिकीला तो हातमोजे घालून उतरला होता, दुपारपर्यंत मोजे कुठे गेले त्यालाच ठाऊक नाही. परवा वकिलांनी मसुदा वाचून दाखवला तेव्हा तो मध्येच म्हणाला, "खोली ताईला दे. वरचं मला दे."

"विकायला?"

"लावायला."

वैशाली म्हणाली, "लिहा वकीलसाहेब, त्याचं मन बदलायच्या आत." सबब खोली वैशालीला आणि शेत अरविंदला देत आहे. शेत बाहेरच्या माणसाला विकू नये.

३. भाऊजींनी आता कायमचा मला दिलेला ढोल वैशालीची मुलगी जागृती हिला. अट एकच: भिंतीला टांगून शोभेला ठेवायचा नाही. तिचा ठेका फार जलद आहे. ओळीत म्हातारी माणसे असतात, हे तिने ध्यानात ठेवावे.

४. बियाण्यावर कोणा एकाचा हक्क नाही. जो मागेल त्याला ओंजळभर द्यावे, केतन पाटकर यांना दोन ओंजळी.

५. माझ्या लुगड्यांच्या गोधड्या कराव्यात. कोयती ज्याच्या हाताला बसेल त्याची. मिक्सर वैशालीने नेऊ नये, तो बिघडलेला आहे.

६. माझ्या मागे कोणावरही राग शिल्लक नाही, म्हणून तो वाटून देता येत नाही. दहा दिवस रडत बसू नये. लावणीचे दिवस असतील तर एकही नाही.

वकीलसाहेब म्हणाले, ज्याला या कागदातून काही मिळत नाही असाच साक्षीदार लागतो. ज्यांना दोन ओंजळी दिल्या त्या केतनला म्हणूनच बोलावले नाही. भाऊजी म्हणाले, "मंग मीच. मला काय नको." आणि एस.टी.ने पनवेलपर्यंत एकटे आले.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: खांदेश्वर, नवी मुंबई
दिनांक: २२ जून २०२५
सही: गोजरा दिनानाथ उतेकर

साक्षीदार १: डॉ. मनाली सावंत, खांदेश्वर

साक्षीदार २: अंकुश महादेव उतेकर, उंबरकोंड

(साक्षीदार २ यांनी सहीखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जास्तीची लिहिली आहे. वकीलसाहेब ती खोडत होते, मी खोडू दिली नाही. गो. दि. उ.)

तेरा जुलै, रविवार, लावनी हाय. सगल्यांनी यावं. डबा आनू नये, जेवान आमच्याकडं.