एकसष्ट फॉर्म, एक पासवर्ड

७ जुलै, सोमवार

मी नाही बदललं! शंभर वेळा सांगितलं तिला. तरी ती पोरगी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच चोरी केलीय.

मयुरी. सोनगीरकडच्या खेड्यातली. बारावीला चांगले मार्क, इंजिनिअरिंगचा ऑनलाइन फॉर्म माझ्याच सायबर सेंटरवर भरला. कॉलेजांची यादी तिने स्वतः वहीत लिहून आणली होती — पहिलं नाशिक, दुसरं नाशिक, मग धुळं. मी तशीच टाकली, प्रिंट दिली. आज सहज बघायला आली तर स्क्रीनवर फक्त धुळ्याची दोन कॉलेजं. नाशिक गायबच!

“ताई, तुमच्याकडेच तर पासवर्ड असतो.”

यादी परत पहिल्यासारखी केली, दुसरी प्रिंट दिली. पण पोर्टलवर शेवटचं लॉगिन दाखवतंय शनिवार, संध्याकाळी सात चाळीस. तेव्हा मी सेंटर बंद करून भाजी घेत होते! मग कोण शिरलं आत?

१४ तारखेला पाच वाजता पोर्टल बंद. मग यादीत असेल ते असेल. त्यात पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागतं, नको म्हणायची सोय नाही. त्या पोरीचं सगळं पुढचं त्या एका यादीवर. आणि धुळ्यातल्या या देवपूरभर माझं नाव खराब व्हायला एक दिवस पुरेल.

ऋतिकाला सांगितलं. तिचीही बारावी झालीय यंदा, तिचाही फॉर्म आपल्याच सेंटरवर. ती हसायलाच लागली — “मम्मी, तुझा पासवर्ड तर सगळ्या देवपूरला पाठ आहे.”

खरंय. देवपूर अ‍ॅट एक दोन तीन. आठ वर्षं तोच. प्रिंटच्या मागे मीच पेनाने लिहून देते. यंदाचे एकसष्ट फॉर्म, एकसष्टांना तोच! आणि पासवर्ड बदलायचा ओटीपी माझ्याच मोबाइलवर. लोकांना सांगायला जातं काय! पोरं पासवर्ड विसरतात. नंबर बदलतात. बापाचा फोन रिचार्ज नसतो. शेवटच्या दिवशी रडत येतात ती माझ्याकडेच ना? म्हणून मी सगळं माझ्याकडे ठेवते. मी वाईट करत नाही कुणाचं.

८ जुलै, मंगळवार

ऋतिका म्हणते पासवर्ड मॅनेजर घे. म्हणजे एक तिजोरी, आत सगळे पासवर्ड, प्रत्येकाचा वेगळा. बाहेरून एकच किल्ली. मास्टर पासवर्ड म्हणतात तिला.

बरं, घेऊ. पण कुठला? मला सेंटरवरच्या दोन्ही कॉम्प्युटरवर पाहिजे, घरच्या लॅपटॉपवर पाहिजे, आणि मोबाइलवर तर पाहिजेच. एकाचं फुकट खातं, पण अट अशी की मोबाइल तरी निवडा नाहीतर कॉम्प्युटर तरी. दोन्ही पाहिजे तर पैसे! दुसरं सगळीकडे चालतं, पण आपला कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर म्हणतो मला झेपत नाही.

मी म्हटलं, ब्राउझर आपणहून ठेवतोच की लक्षात. नवीन कशाला? ऋतिकाने सेंटरच्या कॉम्प्युटरवर सेटिंग उघडलं. यादीच यादी. एका ओळीपुढचं डोळ्याचं चिन्ह दाबलं — बँकेचा पासवर्ड उघडाबोडका समोर! नवऱ्याचा, हितेंद्रचा, नोकरीचा लॉगिनसुद्धा. त्याच खुर्चीवर दिवसभर गिऱ्हाईक बसतं. सगळं पुसून टाकलं.

हितेंद्रला जळगावला फोन केला. म्हणतो, “वहीत लिही, कुलपात ठेव.” सोमवार ते शनिवार तिकडे राहायचं नि इकडे सल्ले द्यायचे.

९ जुलै, बुधवार

पुन्हा बदललंय! नाशिक पुन्हा गायब. काल संध्याकाळी सहा दहा. मी तेव्हा सेंटरवर होते, दुसऱ्या कुणाचा उत्पन्नाचा दाखला भरत होते — आणि कुणीतरी त्याच मिनिटाला हिच्या फॉर्ममध्ये बसून नाशिक काढत होतं!

ऋतिकाने दुसरं मॅनेजर उतरवलं, सगळीकडे चालणारं. जुन्या कॉम्प्युटरला आजपासून फक्त प्रिंटचं काम. मास्टर पासवर्ड टाकताना तांबड्या अक्षरात सूचना आली — हा विसरलात तर आम्हीसुद्धा काही करू शकत नाही. कुणाच्या पाया पडायची सोय नाही म्हणजे! कागदावर लिहून कीबोर्डखाली सरकवला तर ऋतिका केवढी ओरडली.

मयुरीचा पासवर्ड पहिला बदलला. तिच्या फोनवर सांगावं म्हटलं, तर फॉर्मवर तिचा नंबरच नाही. माझाच आहे! तिच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही, म्हणून मीच टाकला होता. आता तिला कळवायचं तरी कसं?

१० जुलै, गुरुवार

शटर वर केलं नाही तोच फोन.

“ताई, मयुरीचा पासवर्ड लागत नाहीये. बदलला का तुम्ही?”

“कोण बोलतंय?”

“ललित. तिचा भाऊ. दोन वर्षांपूर्वी माझा डिप्लोमाचा फॉर्म तुमच्याकडेच भरला होता ना.”

चोर स्वतः फोन करून विचारतोय की कुलूप का बदललं! आणि आवाजात भीती नाही हो, सरळ. अडचण आली की सेंटरवाल्या ताईला फोन — सगळं गाव तेच करतं, त्यानेही केला. त्याचा स्वतःचा पासवर्ड देवपूर अ‍ॅट एक दोन तीन. बहिणीच्या प्रिंटवरून अर्ज क्रमांक घेतला, तोच टाकून बघितला, उघडलं. एवढंच. ना हॅकर ना काही. मीच दिलेली किल्ली.

डोकं फिरलं माझं. म्हटलं, “लाज नाही वाटत? बहिणीच्या आयुष्याशी खेळतोस?”

तो म्हणाला, “हॉस्टेलात राहील, तिकडे कोण बघणार? घरच्यांसाठीच केलं. तिच्या भल्यासाठी.”

उद्या वडिलांना घेऊन ये म्हटलं, आणि मयुरीलाही. नाही आलास तर मी गावात येईन. येणार होते मी, खरंच.

नंतर मॅनेजरमध्ये सगळे फॉर्म भरत बसले. तपासणीचं बटण दाबलं तर सगळी यादी तांबडी — हाच पासवर्ड साठ ठिकाणी वापरलेला आहे. साठ वेळा तेच वाक्य. ओशाळल्यासारखं झालं. कुणाकुणाच्या घरात एकेक ललित असेल!

११ जुलै, शुक्रवार

आले तिघंही. चुडामणभाऊ, म्हणजे मयुरीचे वडील, टोपी हातात घेऊन बाकावर. ललित दाराशी. मयुरी माझ्या खुर्चीमागे, जणू मी तिची वकील.

मी खूप बोलले. मुलीने मार्क मिळवले, यादी तिची, सही तिची, तिला न विचारता हात लावायचा अधिकार कुणाला नाही — भाऊ असो की बाप. टेबलावर हात आपटला. मयुरी रडायला लागली. ललित भिंतीकडे बघत होता.

चुडामणभाऊ रागावले नाहीत. हळूच म्हणाले, “बठ्ठासना एकच पासवर्ड शे ना, ताई? मंग त्यानी तरी काय कुलूप फोडं?”

सगळ्यांना एकच, खरंच होतं. चूक माझी, म्हटलं. तोंड कडू झालं म्हणताना.

मग त्यांनी ऋतिकाकडे बघितलं. ती प्रिंट लावत होती. “तुम्हनी पोर कोठे जाई राहिनी?”

“पुण्याला,” मी म्हटलं.

“एकली?”

“एकटी. हॉस्टेलात. पहिल्या नंबरला पुणंच टाकलंय.”

ऋतिका माझ्याकडे बघून हसली. इतकी खूश बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती.

चुडामणभाऊंनी टोपी डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, “तुम्ही शिकेल माणसं. तुम्ही धाडतस तर मंग मन्ही बी जाई.” ललित काहीतरी बोलायला गेला तर हातानेच गप्प केलं त्याला.

मयुरीने माझे पाय धरले. मी मागे सरकले. जेवण गेलं नाही.

१२ जुलै, शनिवार

मयुरी एकटी एसटीने आली. नाशिक परत वर घेतलं, तिच्याकडून यादी लॉक करून घेतली, आता कुणालाच बदलता येणार नाही, पावती दिली. पासवर्ड तिलाच टाकायला लावला. एका बोटाने शोधत शोधत टाइप करत होती, दोनदा चुकली. माझे हात शिवशिवत होते — दे इकडे, मी टाकते! नाही टाकला. मैत्रिणीचा मोबाइल नंबर घातला तिने, माझा काढला.

जाताना पेढे ठेवून गेली. उघडले नाहीत अजून.

हितेंद्र आला जळगावहून. म्हणे, चेहरा का उतरलाय? मॅनेजर बसवायच्या नादात नाकी नऊ आलेत म्हटलं.

१३ जुलै, रविवार

ऋतिकाचं म्हणणं, मॅनेजर आपल्या स्वतःच्या पासवर्डांना ठेव. लोकांचे लोकांना दे. दिवसभर फोन केले. एकेकाला बोलावून, नाहीतर फोनवर ओटीपी सांगून बदलून दिले. अर्धे म्हणाले, “ताई, राहू द्या ना तुमच्याकडेच.” पूर्वी बरं वाटायचं हे ऐकून. संध्याकाळी यादीत एकच तांबडी ओळ उरली. ऋतिका म्हणाली, “आपलाच राहिला. उद्या करू.”

मी म्हटलं, तुझा काय, घरचाच आहे, मी करून टाकीन. ती म्हणाली, “असं कसं? सगळ्यांना एक नि मला एक?”

१४ जुलै, सोमवार

इथेसुद्धा लिहिलं नव्हतं. जूनमध्ये ऋतिकाचा फॉर्म भरला तेव्हा तिने पुणं सांगितलं, मी हो म्हटलं. ती चहा ठेवायला आत गेली आणि मी धुळं वर घेतलं, पुणं खाली सारलं. ती इथेच राहावी म्हणून. आज चार वीसला मी खुर्चीवरून उठले, तिला बसवलं. तिने यादी बघितली. माझ्याकडे वळली नाही. पुणं वर घेतलं, पासवर्ड बदलला. ओटीपी माझ्या मोबाइलवर आला, तो मी वाचून दाखवला. पाचच्या आत लॉक झालं.

नवा पासवर्ड तिने मला सांगितला नाही. मॅनेजरमध्येही ठेवला नाही.