गिअरबॉक्स घरच्या घरी

७ नोव्हेंबर, रविवार
दुकानाचा ट्रक अखेर बसला. म्हणजे चालू होतो, पण पुढे जायचं नाव घेत नाही. इंजिन बोंबलतं आणि ट्रक जागच्या जागी. गॅरेजवाला म्हणाला, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, खोलून दुरुस्त करायला महिना लागेल. महिना! पोरगी २१ तारखेला नोकरीसाठी दुसऱ्या शहरात चालली आहे आणि तिचं सामान माझ्याच ट्रकमधून जाणार, असा शब्द मी देऊन बसलोय. फर्निचरच्या दुकानात उभं आयुष्य गेलं. जगाच्या पोरींची कपाटं पोचवली. आता स्वतःच्या पोरीची परक्याच्या गाडीतून जाणार? जमणार नाही.

निर्णय: गिअरबॉक्स मीच खोलणार. घरी. व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसाला पाऊण तास लागला. मी आठवडा धरतो. भरपूर झाला.

हिने विचारलं, याआधी असलं काही खोललंय का. मिक्सर खोलला होता. ही म्हणाली, हो, म्हणूनच विचारतेय.

८ नोव्हेंबर
गिअरबॉक्स खाली उतरवला. खरं सांगायचं तर शेवटचा बोल्ट निघाल्यावर तो स्वतःच उतरला. मी वेळेवर बाजूला झालो. चपळता अजून शाबूत आहे. त्यातलं ऑइल आधी काढून घ्यायचं असतं, हे व्हिडिओत फार भरभर सांगतात. अंगण लाल. मी लाल. केस मात्र मऊ झाले आहेत.

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. आयुष्यात पाना हातात धरला नाही, पण गेटला टेकून सल्ले द्यायला कायम हजर. म्हणाला, दाजी, अजून वेळ आहे, गॅरेजला टाका. मी हसून सोडून दिलं. तोंडात ऑइल होतं, त्यामुळे नीट हसता आलं नाही.

१० नोव्हेंबर
अंगणात धूळ फार, म्हणून काम जेवणाच्या टेबलावर हलवलं. ही दोन वाक्यं बोलली. दुसरं लिहिण्यासारखं नाही. आम्ही आता मांडीवर ताटं घेऊन जेवतो. पोरगी म्हणाली, बाबा, पिकनिकसारखं वाटतंय. समजूतदार आहे. माझ्यावर गेलीय.

गिअरबॉक्सच्या आत एवढं सामान असेल असं बाहेरून वाटत नाही. प्रत्येक भागाचा फोटो काढतोय. आता चूक होणं अशक्य.

११ नोव्हेंबर
फोटोंमध्ये बहुतेक माझा अंगठा आलाय. हरकत नाही. लक्षात आहे सगळं.

१३ नोव्हेंबर
एक स्प्रिंगची रिंग काढताना उडाली. आधी छताला लागली, मग कुठे गेली कळलं नाही. सगळ्यांनी शोधली. हिच्या वरणात सापडली. उकळल्यामुळे स्वच्छ झाली, हे मी बोलून दाखवलं. बोलायला नको होतं.

नवीन क्लच प्लेटा आणल्या. स्टीलच्या गोल चकत्या, कडेला दाते. ट्रक पुढे जातो तो यांच्या जोरावर. बसवण्याआधी त्या ऑइलमध्ये भिजवाव्या लागतात. मोठं पातेलं घेतलं. हिला अजून सांगितलेलं नाही.

१४ नोव्हेंबर, रविवार
कळलं तिला. पातेलं मला बक्षीस मिळालं. टेबलही आजच्या आज रिकामं हवंय म्हणे. प्लेटा निथळून कागदात गुंडाळल्या आणि पोरीचं एक रिकामं खोकं घेऊन त्यात नीट रचल्या. तिने त्यावर ‘स्वयंपाकघर’ असं लिहून ठेवलंय. मला काय फरक पडतो, माझं खोकं मला कळणारच. बाकी सगळं घरच्या गॅरेजातली अडगळ सारून तिथे हलवलं. हे एक हॉलमध्ये राहिलं. उद्या नेतो.

१७ नोव्हेंबर
दोन दिवस दुकानात गिऱ्हाईक फार. आज पुन्हा काम. मेहुण्याने गेटवरून विचारलं, दाजी, पोरगी जाते कधी आणि ट्रक निघतो कधी. दोन्ही एकाच दिवशी, म्हणून सांगितलं.

२० नोव्हेंबर
उद्या सकाळी निघायचं आहे. गिअरबॉक्स अजून सुटा आहे, पण मनाने मी तो केव्हाच जोडलाय. पोरीला सांगितलं, निर्धास्त झोप. ती म्हणाली, हो बाबा. जरा पटकनच म्हणाली.

२१ नोव्हेंबर, रविवार
सकाळी सात वाजता दारात सामानवाल्यांची मोठी गाडी. चौकशी केली तेव्हा कळलं, गाडी ७ तारखेलाच ठरली होती. मी व्हिडिओ बघत होतो तेव्हा या मायलेकी फोनवर होत्या. विश्वास म्हणून काही राहिलेला नाही.

तरी बाप आहे. कंबर कसून खोकी उचलून दिली. ‘स्वयंपाकघर’ लिहिलेलं एक इतकं जड की कंबरेतून आवाज आला. पोरीला म्हटलं, एकटीला एवढी भांडी कशाला? ती म्हणाली, आईने भरलं असेल. ही म्हणाली, मी कुठे भरलं? तेवढ्यात गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

गेली. घर एकदम मोठं झालं. वाईट वाटलं. खूप वाटलं. दुपारी तिच्या खोलीत पाना शोधायला गेलो होतो. पाना तिथे असणार नव्हता, हे माहीत होतं.

२४ नोव्हेंबर
दुःख कामात बुडवायचं ठरवलं. आज गिअरबॉक्स जवळजवळ पूर्ण जोडला. व्हिडिओतला माणूस एका ड्रममध्ये प्लेटा बसवतो. मी त्या आधीच बसवल्या असणार, कारण गॅरेजात एकही शिल्लक नाही. ड्रम उचलून पाहिला, अगदी हलका. एवढ्या दिवसांच्या मेहनतीने माझी ताकद वाढली आहे.

२६ नोव्हेंबर, सकाळी दहा
गिअरबॉक्स चढवला. यावेळी मेहुण्याकडून जॅक आणला. जॅकबरोबर मेहुणाही आला.

दुपारी बारा
ट्रक चालला! रिव्हर्समध्ये. इतका गुळगुळीत रिव्हर्स मी कंपनीच्या नव्या गाडीत पाहिलेला नाही. पुढे मात्र येत नाही. उलटा उलटाच कोपऱ्यापर्यंत गेलो. आता पुढे येता येईना, म्हणून अख्ख्या गल्लीला वळसा घालून उलटाच घरी आलो. लोक बाहेर येऊन बघत होते. मी हात केला. मेहुणा म्हणाला, दाजी, निम्मं काम झालं की. पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला.

२७ नोव्हेंबर
पोरीचा फोन. मायलेकींचं बोलणं चाललं होतं. मध्येच हिने मला हाक मारली आणि हसत खाली बसली. बोलता येईना तिला. पोरगी म्हणत होती, स्वयंपाकघराच्या खोक्यातल्या त्या गोल स्टीलच्या चकत्या फार छान आहेत, कडेला नक्षीसुद्धा आहे. ऑइल कसलं लागलं होतं कळलं नाही, पण साबणाने निघालं. गरम भांडी ठेवायला रोज वापरतेय.

मी फोन घेतला. त्यांच्यावर भांडी ठेवू नकोस, म्हणून सांगणार होतो. जेवलीस का, एवढंच विचारलं.

२८ नोव्हेंबर, रविवार
प्लेटा आणायला बसने गेलो. ट्रकने गेलो असतो, पण एवढा प्रवास मागे बघत करायचा म्हणजे मान राहिली नसती.

पोरीचं घर छोटं आहे, पण नीटनेटकं. कपाट वाकडं लावलं होतं, ते सरळ केलं. तिने स्वतः जेवण केलं होतं. गरम पातेलं माझ्या क्लच प्लेटवर होतं. आमटीत मीठ जास्त होतं. दोनदा घेतली. संध्याकाळपर्यंत बसलो. प्लेटा घासूनपुसून, पिशवीत घालून तिने दाराशी ठेवल्या होत्या.

निम्म्या वाटेत लक्षात आलं, पिशवी तिथेच राहिली.

हिने विचारलं, विसरलात की ठेवून आलात. विसरलो. विसरलो म्हणजे विसरलो. आता पुढच्या रविवारी पुन्हा जावं लागणार. ही म्हणाली, मीपण येते, मलाही काहीतरी विसरायचंय.