झाकण न ठेवलेला टोप

आये, भात उकडायचा तुझा कल्हईचा तांब्याचा टोप मी बिअर करायला काढलाय. कपाळाला हात लावू नकोस. गोव्याच्या हद्दीत एक छोटा बिअरचा कारखाना आहे, तिथे मी कामाला होते, दोडामार्गाहून रोज ये-जा करून. बाबांची डावी बाजू लुळी पडली आणि ते काम सुटलं. आता मालकीणबाई म्हणतात, कोकमाची बिअर घरी करून दाखव, जमली तर तुझी जागा तुझीच. शेजारची काकी दिवसभर बाबांजवळ बसायला तयार आहे. बाबा मात्र तयार नाहीत. "परक्यान माका हात लावूचो नाय," म्हणतात.

माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, अर्क म्हणजे काकवीच समज, तसाच दाट, तसाच बोटांना चिकटणारा. तो पाण्यात घालून हॉप्सच्या कडू फुलांबरोबर तासभर खळखळून उकळायचा. एवढा टोप गॅसवर उकळीला येत नाही, म्हणून लोक अर्ध्या पाण्यातच उकळतात आणि थंड पाणी मागाहून ओततात. तसं केलं की रंग काळपट येतो, म्हणून मग निम्मा अर्क शेवटी घालायचा. मला ती काटकसर नको झाली होती. या घरात सगळंच मी निम्म्यावर भागवते, निदान हे तरी पुरं उकळावं. मागच्या दारची तुझी चूल पेटवली. अर्क घालण्याआधी टोप खाली उतरवला, नाहीतर अर्क तळाशी बसून करपतो. ही खोड तुझीच. खिरीत मी घाईघाईने गूळ टाकला, तेव्हा माझ्या हातातली ढवळायची डवली हिसकावून ओरडली होतीस, "आदी टोप खाली उतरव गो! बुडाक लागलो काय सगळी खीर कडू जातली."

पहिल्या खेपेला चुकले, तेही तुझ्याच वळणाने. उकळी फुटत होती आणि बाबांनी हाक मारली. भात उकडताना त्यांची हाक आली की तू टोपावर झाकण टाकून, वर गोणपाट दाबून धावायचीस. भाताला ते मानवायचं. मीही झाकण टाकलं आणि धावले. बाबांना पंखा बंद करून हवा होता. बटण मी त्यांच्या उशाशीच बसवून घेतलंय, उजवा हात धड आहे, तरी हाक मलाच. परत येते तर फेसाने झाकण उचललेलं, चूल विझलेली, निखाऱ्यांवर गोड चिखल. बिअर उकळताना टोप उघडा ठेवायचा असतो आणि तिथून हलायचं नसतं, हे मला काय माहीत नव्हतं? हात आपोआप झाकणाकडे गेला. मी तिथेच राखेत बसून रडले. आतून बाबा विचारत होते, "कसलो वास येता गो?" माझा इथे जीव कोंडतो, आये. तुझाही कोंडत असणार. तू कधी बोलली नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही.

आज दुसरी खेप, अर्काच्या शेवटच्या डब्याची. झाकण माळ्यावर टाकून आलेय. टोपाजवळ पाटावर बसून हे लिहितेय. फेस वर आला की पाण्याचा हबका मारते, तो बसतो. कागदावर अर्काचे डाग पडलेत; तू देवाघरी गेलीस, तिथला पत्ता असता तरी हा पाठवण्याजोगा राहिलेला नाही.

मघाशी बाबांनी हाक मारली, "गो, पंखो बंद कर." मग पुन्हा, जरा चढ्या आवाजात. मी टोपाकडे बघत राहिले. फेस चढला, हबका मारला. मग पंख्याची घरघर मंद होत होत थांबली. कोकमं घालून टोप उतरवला की काकीला सांगायला जाणार आहे, सोमवारपासून ये म्हणून.

आये, पहिलीच हाक मला नीट ऐकू आली होती.