कुलीन म्हणजे कोण

सारसोळे, ४ मार्च १९५८

आज कचेरीत मी खोटं बोललो. निदान इथे तरी लिहितो.

शेजारचा धर्माकाका गेली तीस वर्षं खोतांचं खाडीकडचं भातशेत कसतोय, हे मी लहानपणापासून पाहिलंय. नव्या कायद्याने कसणाऱ्या कुळाला जमीन मिळते, म्हणून त्याने माझी साक्ष मागितली. पण मी शिकवतो त्या शाळेचे खोत अध्यक्ष. त्यांचे वकील म्हणाले, "आमचे अशील कुलीन घराण्यातले. ते खोटं कशाला सांगतील? हा नुसता मजूर होता." मग मला विचारलं. मी म्हणालो, "नक्की आठवत नाही." धर्माकाकाने मुद्दाम धुऊन घातलेली टोपी काढून हातात धरली. दावा तिथेच फेटाळला गेला.

परतताना तो रागावला असता तर बरं झालं असतं. टोपी अजून हातातच. एवढंच म्हणाला, "मास्तर, कुलीन म्हंजे काय?"

"कुळाचा. म्हणजे चांगलं कूळ असलेला."

"मंग त्यांचं कूळ तर मीच व्हतो."

घरी येऊन कोश उघडला. कूळ म्हणजे वंश, घराणं. आणि खाली दुसरा अर्थ, दुसऱ्याची जमीन कसणारा. मी मुलांना इतकी वर्षं पहिलाच अर्थ का शिकवला?

साक्ष बदलता येते का, हे कचेरीत विचारायला हवं. उद्या जाईन, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलं.