माझ्या काळ्यानिळ्या डोळ्याची हकीकत

बुकोम, अक्रा
सोमवार

तीर्थरूप ओयोएताई,

धाकट्या आमेर्लेचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? टेशीच्या खाऱ्या वाऱ्यानं ठणकत असतील तर शिआचं लोणी चोळत जा. (डोळ्याला मात्र लावू नकोस. का, ते पुढे येतंच आहे.)

गुरुवारी आपल्या शोर्मेची सरावाची जोडीदारीण आलीच नाही. लढत तोंडावर आलेली, आणि पोरगी अंगणात एकटीच हवेत ठोसे मारतेय. तिचं हे बॉक्सिंग सुटावं म्हणून मी चर्चमध्ये किती प्रार्थना केल्यात, तुला ठाऊक आहे. पण तिचा चेहरा पाहवेना. म्हटलं, आण ते पॅड, मी धरते. धरलं. तेवढ्यात दारावर मक्याच्या केंकीचे गोळे विकणारीची हाक आली, मी वळून "चार दे गं" म्हणाले, आणि त्यानंतर आठवतं ते थेट आभाळच.

डोळा वांग्यासारखा फुगला. शोर्मेनं पाण्याची गोठलेली पिशवी फडक्यात गुंडाळून दिली. "दाबू नकोस आई, नुसती टेकव. एकाचे दोन दिसतात का?" शेजारच्या द्रोमोकाकू डोळ्यावर बांधायला कच्चं मांस घेऊन आल्या, शोर्मेनं ते रश्श्यात टाकलं. मग काकूंनी स्वतः शिआचं लोणी लावलं, मिरची वाटलेल्या हातानं. ताई, त्यापेक्षा ठोसा बरा होता.

काल चर्चमध्ये सगळ्या बाया आमच्या ह्यांच्याकडे (ज्यांना कोंबडीही कापवत नाही) अशा बघत होत्या, की बिचाऱ्यांनी मान वर केली नाही. शेवटी शोर्मे उभी राहून म्हणाली, "बाबांनी नाही, मी मारलंय." त्यानं काही सुधारलं नाही.

घरी येऊन तिनं ग्लोव्ह्ज खुंटीला टांगले. "आईला लागलेला हात मला नको." म्हणजे देवानं ऐकलं म्हणायचं! पण पोरगी जेवत नाही, पळायला जात नाही. सूज उतरली, म्हणून आता कोमट फडक्यानं माझा डोळा शेकते आणि रडते. मला हे बघवत नाही गं.

तुझी,
आमेर्ले

ता. क. लगेच ये आणि तिला लढायला तयार कर. मी तोंड उघडलं की ती डोळ्याकडे बघते आणि पुन्हा सुरू होते.

पुन्हा ता. क. समजवायला नको येऊस. आत्ता मीच ग्लोव्ह्ज चढवून तिच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, एक मी मारते, फिट्टंफाट! डोळे मिटून मारला. तिनं वाकून चुकवला, ठोसा भिंतीवर बसला, आणि चार दिवसांनी पोरगी हसली. पळायला गेलीय. तू ये, पण लढत बघायला. एवढ्या ओळी डाव्या हातानं लिहिल्यात, सांभाळून घे.