वरच्या पाड्याचं बोरिंग

डहाणू,
१२ एप्रिल २०२३
॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

चि. नविन यास लडक्याकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इथे वाडीत आम्ही सगळे ठीक. तुला तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा तुला रेंज नव्हती. सरपंच झाल्यापासून तुझी रेंज फारच जाते. कागदाला रेंज लागत नाही, म्हणून लिहितो आणि टेम्पोवाल्या तुषारच्या हाती देतो. शितलला सांग, नाचणीचं पीठ पोचलं. पोरांसाठी चिकू पाठवले आहेत, दोन दिवस तांदळात पुरून ठेवा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. वरच्या पाड्याचं बोरिंग होळीपासून बंद आहे. बायका नदीच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीने हंडा भरतात. परवा बारकीआजी त्या उतरणीवर हंड्यासकट पडली. खुबा मोडला. ही तीच बारकी, जिने तुझी नाळ कापली आणि तू रडेनास म्हणून तुला उलटा धरून थोपटलं. आज ती खाटेवर आहे, आणि तू रेंजबाहेर.

हे मला देवजीने सांगितलं, माझ्या टोळीत चिकू उतरवायला येतो तो. बोरिंग दुरुस्त का होत नाही विचारलं तर मान वर करेना. मग तुक्या मेकॅनिकला गाठला. तो म्हणाला, पाइप आणि वॉशर होळीपासून पंचायतीच्या खोलीत पडून आहेत, किल्ली सरपंचाच्या खिशात आहे, आणि सरपंच म्हणाले आहेत की तीन नंबरच्या बूथने, म्हणजे वरच्या पाड्याने, आधी मत द्यायला शिकावं, मग पाणी प्यावं.

नविन, हे तू बोललास? खोटं असेल तर तुक्याचे कान उपटीन. खरं असेल तर तुझे.

मी शाळेची पायरी चढलो नाही. क्रेटवरची गावांची नावं वाचत अक्षरं शिकलो. पण चांगल्यावाईटाचं मला कळतं. टीव्हीवर त्यावरून माणसं एकमेकांवर भुंकतात, माझं गणित सोपं आहे. दुसऱ्याच्या तहानेने ज्याच्या घशाला कोरड पडते तो चांगला. तहानलेला दिसला की ज्याला आधी त्याचं मत दिसतं तो वाईट. झेंडा कुठलाही असो. वाडीत आम्ही चिकू नखाने जरा ओरखडतो, खाली हिरवं दिसलं की कच्चा. तू निवडून आलास तेव्हा ओरखडून पाहायचं राहिलं, हारच घातला.

किल्ली दे. रागावलो आहे, पण तुझाच.

लडक्याकाका

*

१६ एप्रिल २०२३

तीर्थरूप काकांच्या चरणी नविनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चिकू पोरांनी कच्चेच खाल्ले, ओठ चिकटून बसले आहेत, घरात शांतता आहे.

होय, मी तसं बोललो. काका, तुम्ही झाडांचे मुकादम, झाडं विरोधी पॅनलला मत देत नाहीत. मागची पाच वर्षं सत्तेत असताना त्या लोकांनी आपल्या पाड्याचा रस्ता अडवला. आईला ताप चढला तेव्हा मी तिला झोळीत घालून हायवेपर्यंत आणली, ते विसरलात? अच्छाडच्या धाब्यावरचा एक अनोळखी ट्रकवाला देवासारखा भेटला, म्हणून आई वाचली. तेव्हा कुणाच्या घशाला कोरड पडली होती?

खालच्या पाड्याने उघड विरोधकांचा झेंडा लावला. त्यांचंही बोरिंग बंद आहे, राहू दे. निदान ते समोरून बोलले. वरचा पाडा तर आदल्या संध्याकाळी हो हो म्हणाला, आणि एकशे दहा मतांतली सतरा पडली. बाकीचे आलेच नाहीत. तुम्हीच दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांना बेइमान म्हणालात. आता ज्यांनी पाठ फिरवली त्यांना आधी पाणी दिलं, तर जे माझ्यासाठी उन्हात फिरले ते उद्या मला विचारतील, इमानाचं फळ काय? राजकारणात चांगला तो, जो आपल्या माणसांना धरून राहतो. मला तरी एवढंच समजलं आहे.

बारकीआजीचं ऐकून वाईट वाटलं. शितलला भाकरी घेऊन पाठवतो. लोभ तसाच ठेवा, कान सोडा.

तुमचा नविन

*

डहाणू,
२० एप्रिल २०२३
॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

चि. नविन यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पेटलो. म्हटलं, त्या ट्रकवाल्याने तुझ्या आईला केबिनमध्ये घेताना तुझं बूथ विचारलं होतं का? हे लिहायलाच बसलो होतो. पण ती एकशे दहातली सतरा मतं डोक्यातून जाईनात. परवा सकाळी देवजीला झाडाखाली धरलं आणि विचारलं की तुम्ही त्या दिवशी मेलात कुठे.

देवजीने बेडणी झाडाला टेकवली. चिकू उतरवायची ती जाळीची काठी तो कधी कामात खाली ठेवत नाही. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, मुकादम, त्या रविवारी आम्ही तुमच्याच वाडीत नव्हतो का?

नविन, तेव्हा मला सगळं आठवलं. दिल्लीचा ट्रक उभा होता, माल भरायचा होता. पहाटे पाचपासून मी टेम्पोच्या चार खेपा करून जवळजवळ अख्खा पाडा वाडीत आणला. दोन वाजता सोडतो म्हणालो. मतदानाला सुट्टी द्यायची असते हे मला ठाऊक होतं. दुपारी देवजीने दोनदा आठवण करून दिली. मी म्हणालो, तुमच्या मतांवाचून आभाळ कोसळतंय का! मग टेम्पोत आधी क्रेट गेले, माणसं मागे राहिली. पाड्यावर उतरली तेव्हा अंधार पडला होता. आणि दुसऱ्या दिवशी मीच तुला फोन करून त्यांना बेइमान म्हटलं. सपशेल विसरून! आपण केलेलं किती पटकन पुसलं जातं बघ.

सहा महिने ते गप्प राहिले. का? टोळीतून काढीन म्हणून. मी, लडक्या, जो त्यांच्याबरोबर एका फडक्यावर जेवतो, त्या माझी भीती! तुझ्या खिशात किल्ली, माझ्या हातात टेम्पो. तुला ओरखडायला गेलो आणि नख माझ्याच सालीत गेलं. खाली हिरवंगार.

काल बारकीच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. ती म्हणाली की ठाऊक होतं, पण तू भला माणूस, तुला कुठे दुखवायचं. यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं होतं.

मला जे बोलायचं ते चारचौघांत बोल. पण किल्ली दे.

अपराधी लडक्याकाका

*

२३ एप्रिल २०२३

तीर्थरूप काकांस नविनचा शि. सा. न. वि. वि.

काका, तुम्ही माझ्या छातीवरचा धोंडा उतरवलात! म्हणजे वरचा पाडा आपलाच होता. मी उगाच आपल्या माणसांवर रागावलो. पत्र वाचताच तुक्याला किल्ली दिली. काल बोरिंग सुरू झालं. माझ्या नावाची पाटी लावली आहे, पुढच्या रविवारी नारळ तुमच्या हातून फोडायचा. झालं गेलं विसरा.

खालच्या पाड्याचं मात्र बोलू नका. ते खरोखरच विरोधी आहेत, बूथवर मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना एक उन्हाळा कळू दे.

आता तरी हसा. आशीर्वाद असू द्या.

तुमचा नविन

*

डहाणू,
२६ एप्रिल २०२३
॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

चि. नविन यास. वि. वि.

नारळ फोडायला मी येणार नाही. परवा पाड्यावर जाऊन आलो. बोरिंगला पाणी छान आहे, थंड आहे, पण माझ्या घशाखाली उतरलं नाही.

ते आपले निघाले म्हणून पाणी. नसते निघाले तर बारकीने दुसराही खुबा मोडून घ्यायचा होता का? माझी चूक मी तुला कळवली ती तू पाड्याच्या इमानाची पावती समजलास. पोरा, मी तुला त्यांचं मत दाखवत नव्हतो, त्यांची तहान दाखवत होतो. तू पुन्हा मतच वाचलंस. पाच वर्षं तू जे सोसलंस त्यातून तुला तहान कळायला हवी होती, तू फक्त किल्ली धरायला शिकलास.

तिथे काय चाललंय तेही ऐक. खालच्या पाड्याच्या बायका आता वरच्या बोरिंगवर येतात. पहिल्या दिवशी लांबच उभ्या राहिल्या. बारकीने खाटेवरून आरडाओरडा केला की हंडे काय आरतीला आणले आहेत का, रांगेत लावा. आता एक हंडा वरचा, एक खालचा. तुझी पाटी देवजीने काढून चिखलावर पालथी टाकली आहे, बायकांचे पाय घसरू नयेत म्हणून. तुझ्या नावाचा इतका उपयोग आजवर झाला नव्हता.

माझंही ठरलं आहे. टोळीसमोर उभं राहून माफी मागितली. पुढच्या मतदानाला वाडी बंद, टेम्पो माणसांसाठी. कुणाला मत देणार हे मी विचारणार नाही. तुझ्या विरोधात दिलं तरी घरी सोडीन. एक मेच्या ग्रामसभेलाही त्याच टेम्पोतून दोन्ही पाडे घेऊन येतो. दिल्लीचा ट्रक उभा राहील, राहू दे.

तोवर तुक्याला खालच्या पाड्यावर पाठव. ते आपले नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगतो.

पोरांना पापे. तुझ्यावरची माया आटलेली नाही, पण तिची किल्ली तुझ्या खिशात नाही हे ध्यानात असू दे.

तुझा,
लडक्याकाका