फ्लॉसनं ऐकलं होतं

प्रिय टॉर्मड काका,

१. रविवारी लख्ख ऊन होतं. तुमच्या फ्लॉस कुत्रीला घेऊन मी बर्फातून बेन ग्लास डोंगर चढले.
२. माथ्यावर ती माझ्याकडे धावत येत होती. तिला कड्यापासून दूर वळवायला मी डावीकडे वळायची शिट्टी दिली.
३. ती कड्याबाहेर आलेल्या बर्फावर गेली. बर्फ तुटला आणि तिचा पाय मोडला.

तिनं शिट्टी ऐकली नाही, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. तिचं तोंड माझ्याकडे होतं. मी माझी डावी बाजू धरली. तिनं स्वतःची धरली, तुम्ही शिकवलीत तशी.

"पोरी, तू पूल बांधणारी, तुझं कसं चुकेल?" तुम्ही म्हणालात. "कुत्रीच बिघडली. न ऐकणारं कुत्रं मेंढ्यांत ठेवायचं म्हणजे लांडगा पाळायचा! शनिवारी ग्लासगोच्या एका बाईला देऊन टाकतो. बसू दे सोफ्यावर."

तुम्ही मला चहा दिलात, तिच्याकडे पाहिलंतही नाही. प्लास्टरमधला पाय ओढत ती तुमच्या बुटांशी जाऊन बसली.

कालही हे पत्र लिहिलं होतं. टपालात टाकायचा धीर झाला नाही.

फ्लॉसला देऊ नका. मला कितीही बोला, पण शुक्रवारपर्यंत कळवा.

तुमची पुतणी,
कर्स्टी